मनोविकृतीची संकल्पना

मनोविकृती : व्यक्तीच्या विचार, भावना, संवेदन वा वर्तन यांत उद्‌भवणारा असा बिघाड, की ज्यामुळे तिला स्वतःला तीव्र क्लेश होतात अथवा तिचे दैनंदिन व्यवहार, नातेसंबंध व कामकाज लक्षणीय प्रमाणात विस्कळित होते, त्यास स्थूलमानाने मनोविकृती असे म्हणतात. ही व्याख्या वरवर सोपी दिसते. परंतु तिच्यातील जवळजवळ प्रत्येक शब्द विवाद्य आहे. बिघाड कशाला म्हणावयाचे, क्लेश किती वाढले म्हणजे ते विकाराचे लक्षण ठरतात आणि व्यवहार विस्कळित झाला हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नांची उत्तरे चिकित्सा मानसशास्त्राने गेल्या शतकभरात वेगवेगळी दिली आहेत. मोडलेले हाड क्ष-किरणचित्रात दिसते, मधुमेह रक्तातील शर्करेवरून ओळखता येतो. बहुतेक मनोविकृतींच्या बाबतीत मात्र रुग्णाच्या कथनाहून व वर्तनाहून स्वतंत्र अशी कसोटी अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे प्रकृती व विकृती यांमधील सीमारेषा वेळोवेळी नव्याने आखली गेली आहे. ती सरकली, की काल रुग्ण असलेली माणसे आज निरोगी ठरतात किंवा याच्या उलट घडते. आणि उपचार, स्वातंत्र्य, नोकरी, विवाह व प्रतिष्ठा हे सर्व त्याबरोबर बदलते.

मराठीतील ‘वेड’ हा शब्द या संदिग्धतेचा चांगला नमुना आहे. वेड लागणे म्हणजे बुद्धिभ्रंश होणे. परंतु नाटकाचे, गाण्याचे वा विठ्ठलाचेही वेड लागते व तेथे तो शब्द गौरवाचा असतो. ‘भ्रमिष्ट’, ‘चक्रम’, ‘झपाटलेला’, ‘बाहेरची बाधा झालेला’ या शब्दांत कारणमीमांसा, उपहास व भीती यांची कमीअधिक सरमिसळ आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला पाठवा’ या लोकरूढ वाक्प्रयोगांत तर त्या गावांतील मनोरुग्णालयांचे अस्तित्व हेच निदान होऊन बसले आहे. शास्त्रीय परिभाषा अशा शब्दांपासून दूर राहू पाहते. पण शास्त्रीय शब्दही काही वर्षे वापरात राहिले, की त्यांना तोच कलंक चिकटतो, असा अनुभव आहे.

भारतीय वैद्यकात उन्मादाचा विचार फार पूर्वी झालेला आढळतो. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाची ओळख एखाद्या लक्षणावरून न करता मन, बुद्धी, संज्ञा, ज्ञान, स्मृती, आवड, शील, शारीरिक चेष्टा व आचार या सर्वांत पडणाऱ्या गोंधळावरून केली आहे. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व आगंतु असे त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. देव, ऋषी, गंधर्व इत्यादींच्या प्रभावाने होणाऱ्या आगंतु उन्मादाबद्दलही तेथे देवादिकांना दोष न देता व्यक्तीच्या प्रज्ञापराधाला मूळ कारण मानले आहे. अतिमानुष शक्तींना कारणांच्या साखळीत दुय्यम स्थान देणारा हा विचार त्या काळाच्या मानाने धाडसी होता. मात्र रोगाचे उत्तरदायित्व रोग्यावरच टाकण्याचा धोका त्यात आहे, हेही मान्य केले पाहिजे.

व्याख्येचे निकष : मनोविकृती ठरविण्यासाठी जे निकष सुचविले गेले त्यांपैकी सर्वांत साधा निकष विरळतेचा होय. जे बहुसंख्यांत आढळते ते सामान्य व जे क्वचित आढळते ते अपसामान्य, असे येथे मानले जाते. बुद्धिगुणांकाच्या प्रमाणित वितरणात ७० च्या खाली सु. २·३ टक्के व्यक्ती येतात. परंतु १३० च्या वरही जवळजवळ तेवढ्याच व्यक्ती असतात आणि त्यांना कोणी विकृत म्हणत नाही. उलटपक्षी दातांची कीड लोकसंख्येच्या फार मोठ्या भागात आढळते, तरी ती रोगच राहते. संख्या केवळ अंतर दाखविते. त्या अंतराची दिशा इष्ट की अनिष्ट, हे सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

दुसरा निकष समाजनियमांच्या उल्लंघनाचा. समाजाला विचित्र, अयोग्य किंवा धोकादायक वाटणारे वर्तन विकृत मानावे, असा हा दृष्टिकोन असून व्यवहारात तो सर्वांत प्रभावी व सर्वांत घातक ठरला आहे. अमेरिकेतील लुइझिअ‍ॅना राज्याचे वैद्य सॅम्युएल कार्टराइट यांनी १८५१ मध्ये मालकाकडून पळून जाण्याची गुलामांची प्रवृत्ती हा एक मानसिक रोग असल्याचे प्रतिपादन करून त्याला ‘ड्रेपटोमेनिया’ असे ग्रीक घाटाचे नाव दिले. सोव्हिएट संघात आंद्रेई स्नेझ्‌नेव्हस्की यांच्या संप्रदायाने ‘मंदगती छिन्नमानस’ या निदानाची व्याप्ती इतकी वाढविली, की राजवटीवर टीका करणाऱ्यांची ‘सुधारणेची भ्रामक कल्पना’ हेदेखील त्याचे लक्षण ठरू शकले आणि अनेक राजकीय विरोधकांना रुग्णालयांत डांबले गेले. जागतिक मनोविकारवैद्यक संघटनेच्या होनोलूलू येथील १९७७ च्या अधिवेशनात या गैरवापराचा निषेध करण्यात आला व १९८३ मध्ये सोव्हिएट संघटना त्या संस्थेतून बाहेर पडली. दोन्ही उदाहरणांत वैद्यकाची भाषा शाबूत होती. तिच्याआड सत्तेची सोय दडलेली होती.

व्यक्तिगत क्लेश हा तिसरा निकष होय. मदतीसाठी येणारे बहुतेक रुग्ण क्लेशामुळेच येतात, त्यामुळे चिकित्सकाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा असतो; पण तो पुरेसाही नाही व आवश्यकही नाही. उन्मादाच्या भरात असलेली व्यक्ती उत्साहाने ओसंडत असते, रात्रंदिवस जागते, कर्ज काढून वस्तू वाटत सुटते आणि आपण पूर्वी कधीही इतके निरोगी नव्हतो असे सांगते. क्लेश होतात ते तिच्या कुटुंबियांना. याउलट पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या मातेचे दुःख पराकोटीचे असूनही ते विकृतीचे द्योतक नसते.

चौथा निकष कार्यहानीचा. झोप, भूक, स्मरण, अवधान, भयाची योग्य वेळी जाणीव अशा ज्या क्रियांवर जीवन चालते त्यांतील एखादी आपले काम करीनाशी झाली, की विकृती मानावी, असे येथे म्हटले जाते. जेरोम वेकफील्ड यांनी १९९२ मध्ये या निकषाला मूल्यविचाराची जोड देऊन ‘हानिकारक कार्यदोष’ ही कल्पना मांडली. तिच्यानुसार एखादी मानसिक यंत्रणा तिच्या निसर्गसिद्ध कार्यात अपयशी ठरली पाहिजे व त्या अपयशाने व्यक्तीची हानी झाली पाहिजे. पहिला भाग वस्तुस्थितीचा व दुसरा मूल्यांचा, अशी ही विभागणी तर्कदृष्ट्या नेटकी आहे. परंतु बहुतेक मानसिक यंत्रणांचे ‘निसर्गसिद्ध कार्य’ कोणते, याविषयी पुरावा तोकडा असल्याने प्रत्यक्ष रुग्णासमोर ती फारशी उपयोगी पडत नाही.

चिकित्सा मानसशास्त्राची दृष्टी : मनोविकृतींच्या आधुनिक वर्गीकरणाचा पाया एमील क्रेपेलीन (१८५६–१९२६) या जर्मन वैद्याने घातला. त्यांचा ग्रंथ १८८३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला व १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी अकाली बुद्धिऱ्हास आणि उन्माद-अवसाद या दोन प्रमुख विकारांत स्पष्ट भेद केला. कोणत्याही एका क्षणी दिसणाऱ्या लक्षणापेक्षा रोगाचा आरंभ, मार्ग व शेवट यांवर त्यांनी भर दिला. पहिल्या विकारास ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये जे नवे नाव दिले, त्याचा मराठी पर्याय छिन्नमानस हा होय [⟶ छिन्नमानस]. प्रत्येक मनोविकृतीमागे मेंदूतील एखादा विशिष्ट दोष सापडेल, ही त्या काळची आशा १९१३ मध्ये काही अंशी खरी ठरली. मनोरुग्णालयांतील खाटा ज्या ‘सार्वत्रिक पक्षाघाता’च्या रुग्णांनी भरलेल्या असत, त्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू असल्याचे नोगुची व मूर यांनी दाखवून दिले, पुढे पेनिसिलिनच्या उपयोगाने तो विकार जवळजवळ नाहीसाच झाला. तथापि अशी विजयी उदाहरणे मोजकी आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : ज्या विकाराचे शारीरिक कारण सापडते तो सहसा मनोविकृतींच्या यादीतून निघून दुसऱ्या वैद्यकशाखेकडे जातो. म्हणजे कारण न सापडणे हे या यादीचे जणू अंगभूत लक्षण बनले आहे.

चिकित्सा मानसशास्त्र हे वैद्यकाच्या पोटी जन्मलेले नाही. लाइटनर विटमर (१८६७–१९५६) यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले, ते एका शिक्षिकेने आणलेल्या, शब्दांची वर्णयोजना करण्यात फार मागे पडलेल्या मुलाच्या निमित्ताने. त्या मुलाला रोग कोणता, यापेक्षा त्याला नेमके काय जमत नाही व ते का, हा तेथे प्रश्न होता. पुढील काळात मनोमापनाची साधने वाढली. रोर्शाक यांची शाईच्या डागांची कसोटी १९२१ मध्ये व मिनेसोटा व्यक्तिमत्त्वसूची १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी प्रकृती व विकृती यांत प्रकाराचा नव्हे, तर प्रमाणाचा भेद असल्याचे आग्रहाने मांडले. वर्तनवाद्यांनी त्यांचे बाकी सर्व नाकारले. मात्र विकृत वर्तनही सामान्य वर्तनाच्याच नियमांनी शिकले जाते, असे म्हणताना तेही याच निष्कर्षावर आले.

सातत्याची ही कल्पना चिकित्सा मानसशास्त्राचे वैशिष्ट्य मानावी लागेल. चिंता, खिन्नता, संशय, स्वच्छतेचा अतिरेक हे सर्वांत कमीअधिक असतात. ‘दाराला कुलूप लावले ना?’ म्हणून जिन्यावरून एकदा परत फिरणारे पुष्कळ. पण चाळीस वेळा फिरणारा माणूस कामावर पोहोचत नाही. या दोहोंमध्ये निसर्गाने आखलेली रेषा नाही, ती चिकित्सकाला आखावी लागते. केवळ मानसशास्त्रातच असे घडते असे मानणे चूक होय. रक्तदाबही सर्वांनाच असतो. अमेरिकेतील मार्गदर्शक सूत्रांनी २०१७ मध्ये अतिरक्तदाबाची सीमा १४०/९० वरून १३०/८० वर आणली आणि लक्षावधी व्यक्ती एका दिवसात त्या वर्गात मोडू लागल्या. रेषा माणसाने आखली म्हणून तिच्यापलीकडचा धोका काल्पनिक ठरत नाही.

वर्गीकरण व विश्वसनीयता : जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणात मनोविकृतींचा समावेश १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून झाला. त्याची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेची निदानपुस्तिका प्रथम १९५२ मध्ये निघाली. १९६८, १९८०, १९९४ व २०१३ या वर्षी तिच्या पुढील आवृत्त्या व २०२२ मध्ये पाचव्या आवृत्तीचे संशोधित रूप प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन आवृत्त्यांतील वर्णने इतकी ढोबळ होती, की एकाच रुग्णास दोन तज्ज्ञ भिन्न नावे देत. न्यूयॉर्क व लंडन येथील निदानांची तुलना करणाऱ्या व १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की अमेरिकन तज्ज्ञ छिन्नमानसाचे निदान ब्रिटिश तज्ज्ञांपेक्षा कितीतरी अधिक वेळा करतात. भेद रुग्णांत नसून मुख्यतः तज्ज्ञांत होता. जागतिक आरोग्य संघटनेने याच सुमारास नऊ देशांत केलेल्या छिन्नमानसाच्या पथदर्शी पाहणीत आग्रा हे एक केंद्र होते. तीत एकसारख्या मुलाखतपद्धतीने भिन्न संस्कृतींतही या विकाराची समान लक्षणे ओळखता येतात, असे दिसून आले.

रॉबर्ट स्पिट्झर (१९३२–२०१५) यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने प्रत्येक विकारासाठी लक्षणांची यादी, त्यांची किमान संख्या व कालावधी निश्चित केला. उदा., तीव्र अवसादाचे निदान करण्यासाठी नऊ लक्षणांपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे असावी लागतात व त्यांत खिन्न मनोवस्था किंवा कशातही रस न वाटणे यांपैकी एक असावेच लागते. या पद्धतीने शिस्त आली, पण काही विचित्र परिणामही संभवले. नऊपैकी पाच या अटीची पूर्तता २२७ वेगवेगळ्या प्रकारे होऊ शकते आणि एकच निदान झालेल्या दोन व्यक्तींमध्ये फक्त एकच लक्षण समान असणेही शक्य असते. पाचव्या आवृत्तीच्या क्षेत्रीय चाचण्यांत तर तीव्र अवसादाबाबत दोन तज्ज्ञांमधील एकमताचा ‘कप्पा’ हा निर्देशांक केवळ ०·२८ आला (१ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे योगायोगाइतकेच). अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये आपल्या संशोधनाचा पाया या पुस्तिकेच्या वर्गांवर न ठेवता भय, बक्षिसाची ओढ, स्मृती यांसारख्या मूलभूत प्रक्रियांवर ठेवण्याचे जाहीर केले. या पर्यायाने नवे संशोधन पुष्कळ झाले आहे. दवाखान्यातील निदान मात्र अजूनही जुन्याच याद्यांनुसार चालते.

समलैंगिकतेचे प्रकरण : मनोविकृतीची सीमा कशी सरकते याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण समलैंगिकतेचे आहे. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत तिची गणना विकृतींत होती. या मताला आधार होता तो मुख्यतः मनोविश्लेषकांच्या व तुरुंगांच्या नोंदींचा, म्हणजे उपचारांसाठी आलेल्या किंवा शिक्षा झालेल्या व्यक्तींचा. दवाखान्यात येणाऱ्या भिन्नलिंगी व्यक्तींवरूनच निष्कर्ष काढले असते, तर भिन्नलिंगी आकर्षणही विकृत ठरले असते, हा साधा आक्षेप फार काळ कोणी घेतला नाही.

तो घेतला एव्हलिन हुकर (१९०७–९६) या कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ महिलेने. उपचारांखाली नसलेले ३० समलैंगिक पुरुष आणि वय, शिक्षण व बुद्धिगुणांक यांच्या दृष्टीने त्यांच्याशी जुळणारे ३० भिन्नलिंगी पुरुष त्यांनी निवडले. समलैंगिक संबंध कायद्याने गुन्हा असण्याच्या त्या काळात अशा व्यक्ती मिळविणे व त्यांची नावे गुप्त राखणे हेच मोठे जोखमीचे काम होते. सर्वांना रोर्शाकची व अन्य प्रक्षेपण कसोट्या देऊन त्यांची उत्तरे, कोण कोणत्या गटातील आहे हे न सांगता, त्या कसोट्यांच्या नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आली. रोर्शाक कसोटीचे मान्यवर अभ्यासक ब्रूनो क्लॉप्फर हे त्यांपैकी एक. हे तज्ज्ञ दोन गट योगायोगापेक्षा अधिक अचूकपणे वेगळे करू शकले नाहीत आणि दोन्ही गटांतील सु. दोनतृतीयांश पुरुषांचे समायोजन त्यांनी मध्यम किंवा त्याहून चांगले ठरविले. हा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रक्षेपण कसोट्यांच्या प्रामाण्याविषयी आज पुष्कळ शंका घेतल्या जातात. परंतु हुकर यांचा युक्तिवाद त्यामुळे ढळत नाही, कारण त्यांनी विरोधकांचीच मोजपट्टी वापरली होती.

शास्त्रीय पुराव्यानंतरही सोळा वर्षे गेली. समलैंगिकांच्या संघटनांनी अधिवेशनांतून केलेली निदर्शने व संघटनेतील अंतर्गत वादविवाद यांनंतर १५ डिसेंबर १९७३ रोजी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या विश्वस्त मंडळाने समलैंगिकतेला विकृतींच्या यादीतून वगळले. विरोधकांनी सभासदांचे मतदान मागितले. १९७४ मध्ये झालेल्या त्या मतदानात ५,८५४ मते निर्णयाच्या बाजूने व ३,८१० विरुद्ध पडली. एखादी अवस्था रोग आहे की नाही हे मतपेटीने ठरावे, याचा पुढे पुष्कळ उपहास झाला. तो उपहास अर्धाच न्याय्य आहे, कारण मूळ समावेशामागेही पुरावा नव्हता, फक्त तेव्हा मतदान घेण्याची गरज कोणाला भासली नव्हती. या वादाचे एक फलित असे, की मनोविकृती म्हणजे काय याची सर्वसाधारण व्याख्या पुस्तिकेत असावी लागते हे स्पिट्झर यांना जाणवले व १९८० च्या आवृत्तीत ती प्रथमच घातली गेली. स्वतःच्या समलैंगिकतेमुळे दुःखी असण्याचा एक उपवर्ग मात्र १९८७ पर्यंत टिकून होता. जागतिक आरोग्य संघटनेने ही अवस्था १९९० मध्ये स्वीकारलेल्या दहाव्या आवृत्तीतून वगळली. भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमासंबंधीच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयानेही समलैंगिकता ही मनोविकृती नाही, या भूमिकेचा आधार घेतला.

शोक व अवसाद : येथे रेषा उलट दिशेने सरकली. आप्ताच्या मृत्यूनंतर येणारी खिन्नता, निद्रानाश, भूक मंदावणे व जगण्यात रस न वाटणे ही सर्व अवसादाच्या यादीतीलच लक्षणे होत. म्हणून १९९४ च्या आवृत्तीत मृत्यूनंतरच्या दोन महिन्यांत, काही गंभीर लक्षणे वगळता, अवसादाचे निदान करू नये असा अपवाद होता. २०१३ मध्ये हा अपवाद काढून टाकला गेला. घटस्फोट किंवा सर्वस्वाचा नाश यांसाठी असा अपवाद नसताना तो मृत्यूसाठीच का, आणि शोकाच्या आवरणाखाली खराखुरा अवसाद व आत्महत्येचा धोका दुर्लक्षित राहिला तर काय, असा त्याच्या समर्थकांचा प्रश्न होता. ‘तेराव्यापूर्वीच रडणाऱ्याला गोळ्या’ अशी भीती विरोधकांना वाटत होती. पुढे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘प्रदीर्घ शोकविकृती’ हा नवा वर्ग आला. तेथे किमान कालावधी सहा महिन्यांचा, तर २०२२ च्या अमेरिकन पुस्तिकेत तो प्रौढांसाठी बारा महिन्यांचा आहे. एकाच दुःखाला जिनिव्हात सहा महिन्यांनी व वॉशिंग्टनमध्ये वर्षाने विकृती म्हटले जावे, यावरून हे आकडे निसर्गाचे नसून संकेताचे आहेत हे उघड होते. दोन्ही वर्गीकरणे मात्र एक महत्त्वाची अट घालतात : शोकाची तीव्रता व कालावधी त्या व्यक्तीच्या संस्कृतीतील व धर्मातील रूढ मर्यादांपलीकडचा असला पाहिजे.

संस्कृतीचा संदर्भ : ही अट केवळ शोकापुरती नाही. महाराष्ट्रात जत्रेत किंवा देवीच्या आरतीच्या वेळी अंगात येणे हा अनेकांच्या परिचयाचा प्रकार आहे. अंगात आलेली स्त्री घुमते, वेगळ्या आवाजात बोलते, नंतर तिला त्यातील थोडेच आठवते. केवळ लक्षणांची यादी पुढे ठेवली, तर हे वर्तन विकृतीत बसेल. परंतु ते ठराविक स्थळी व वेळी घडते, समाजाला अपेक्षित व मान्य असते आणि आरती संपल्यावर ती स्त्री घरी जाऊन नेहमीप्रमाणे चूल पेटवते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार अशा अवस्था धार्मिक वा सांस्कृतिक प्रथेचा भाग असल्यास त्या विकृती ठरत नाहीत; त्या अनिच्छेने, प्रथेबाहेर व क्लेशकारक रीतीने वारंवार येत असतील, तरच निदान करावयाचे असते. सासरी दबलेल्या सुनेच्या अंगात येण्याने तिला घरात काही काळ अधिकाराने बोलता येते, हे निरीक्षणही अभ्यासकांनी नोंदविले आहे. तेथे चिकित्सकाचे लक्ष एकट्या सुनेवर नव्हे, तर त्या घरावर गेले पाहिजे. मात्र ‘बाहेरची बाधा’ म्हणून मारहाण करणे, साखळदंडाने बांधणे हे प्रकार संस्कृतीच्या नावाखाली क्षम्य ठरत नाहीत. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळीने बांधून ठेवलेल्या २८ रुग्णांचा मृत्यू झाला.

काही विकृतींचे रूपच संस्कृतीने घडलेले असते. वीर्यनाशामुळे शक्ती ओसरत असल्याची तीव्र चिंता, थकवा व खिन्नता या लक्षणसमूहाला नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात’ हे नाव दिले व आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याची नोंद झाली. धातूंविषयीची परंपरागत समजूत येथे दुःखाला भाषा पुरविते. असा तरुण ‘मी खिन्न आहे’ असे सहसा सांगत नाही. तो अशक्तपणाचे औषध मागतो.

कारणे व निदानाची पद्धती : कोणत्याही एका कारणाने मनोविकृती होते, असे आज सहसा मानले जात नाही. छिन्नमानस व उन्माद-अवसाद यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असला, तरी समान जनुके असलेल्या एकबीज जुळ्यांपैकी एकाला छिन्नमानस झाल्यास दुसऱ्यालाही तो होतोच असे नाही. जन्मजात वा बालपणी आलेली प्रवणता व नंतरचे ताण यांच्या संयोगाने विकार प्रकट होतो, असे प्रतिपादन झ्यूबिन व स्प्रिंग यांनी १९७७ मध्ये केले. त्याच वर्षी जॉर्ज एंगेल यांनी वैद्यकाने जैविक, मानसिक व सामाजिक अशा तिन्ही अंगांचा विचार करावा, अशी मागणी केली. हे त्रिसूत्र आता सर्वमान्य आहे. पण पुष्कळदा ते केवळ प्रास्ताविकात उच्चारले जाते व प्रत्यक्षात एकाच अंगावर उपचार होतात.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ निदानाच्या नावावर थांबत नाही. मुलाखत, कुटुंबियांचे निवेदन, निरीक्षण व कसोट्या यांच्या आधारे तो त्या विशिष्ट व्यक्तीच्या अडचणीची मांडणी करतो : प्रवणता कशामुळे आली, विकाराला निमित्त काय झाले, तो टिकून का राहिला आहे आणि व्यक्तीची बलस्थाने कोणती. गर्दीच्या लोकलमध्ये एकदा छाती धडधडल्यावर प्रवासच सोडून देणाऱ्या कारकुनाला ‘भयविकृती’ हे नाव देऊन फारसे साधत नाही. प्रवास टाळल्याने तात्पुरती सुटका होते व त्या सुटकेमुळेच भीती टिकून राहते, हे त्याच्या ध्यानात आणून देणे व त्याला टप्प्याटप्प्याने पुन्हा फलाटापर्यंत व मग डब्यात नेणे, हा उपचाराचा गाभा असतो. भारतात या विषयाचे पद्धतशीर शिक्षण बंगलोर (आताचे बंगळूरू) येथे १९५४ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत प्रथम मिळू लागले. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियमानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते.

टीका : मनोविकृती ही कल्पनाच टॉमस सास (१९२०–२०१२) यांनी नाकारली. त्यांच्या १९६१ च्या ग्रंथानुसार रोग शरीराला होतो. मनाचा ‘रोग’ हे केवळ रूपक असून जगण्यातील समस्यांना वैद्यकीय नाव देऊन सक्तीचे समर्थन केले जाते. डेव्हिड रोझेनहॅन यांनी १९७३ मध्ये निरोगी व्यक्तींनी ‘आवाज ऐकू येतात’ असे सांगून मनोरुग्णालयांत प्रवेश मिळविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला व तो फार गाजला. परंतु सुझॅना कॅहलन यांच्या २०१९ मधील शोधग्रंथाने त्या वृत्तांताच्या सत्यतेविषयीच गंभीर शंका उपस्थित केल्या आहेत. सास यांच्या टीकेने सक्तीच्या उपचारांवर कायद्याचा अंकुश आणण्यास मदत झाली, ही तिची जमेची बाजू. मात्र, छिन्नमानसाने ग्रासलेला मुलगा चार-चार रात्री झोपत नाही, अन्नात विष आहे म्हणून जेवत नाही, अशा घरातील आईवडिलांना तो रोग रूपकात्मक असल्याचे सांगून काहीच हाती लागत नाही.

कायदा : भारतात १९१२ च्या अधिनियमात ‘वेडा’ म्हणजे जडबुद्धी वा अस्थिर मनाची व्यक्ती अशी व्याख्या होती व भर तिला कोंडण्याच्या कार्यपद्धतीवर होता. १९८७ च्या अधिनियमाने ‘मानसिक विकृतीमुळे उपचारांची गरज असलेली व्यक्ती’ अशी भाषा आणली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने विचार, भावावस्था, संवेदन, दिक्कालभान वा स्मृती यांतील असा लक्षणीय बिघाड, की ज्याने निर्णयशक्ती, वर्तन, वास्तवाची ओळख किंवा जीवनाच्या सामान्य गरजा भागविण्याची क्षमता गंभीरपणे बाधित होते, त्यास मानसिक आजार म्हटले आहे. मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा त्यात समावेश असून बौद्धिक अपंगत्व वगळले आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनुसार (२०१५–१६) देशातील प्रौढांपैकी १०·६ टक्के व्यक्तींना पाहणीच्या वेळी कोणती ना कोणती मनोविकृती होती आणि बहुतेक विकारांत ७० टक्क्यांहून अधिक व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात निदान राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय मानकांनुसारच व्हावे, असे म्हटले आहे. व्यक्तीचा राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जा, जात-धर्मासारख्या समूहाचे सदस्यत्व, किंवा ती ज्या समाजात राहते त्याची नैतिक, सांस्कृतिक, कामविषयक, राजकीय वा धार्मिक मूल्ये तिने न मानणे, यांवरून तिला मानसिक रुग्ण ठरविता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते किंवा रुग्णालयात राहावे लागले होते, एवढ्यावरूनही तिच्या सद्यःस्थितीचा निष्कर्ष काढता येत नाही.